मदत हवी आहे : आजीच्या घंगाळात सोडलेले गप्पी मासे दोन दिवसांत गेले

अंगणवेडी
नमस्कार मंडळी. साताऱ्याजवळच्या गावचा आमचा वाडा मे महिन्यात पाडला. भावाचं म्हणणं होतं, सगळं मोडीत घालू, किलोवर पैसे येतील. मी भांडून एक छोटा टेम्पो भरून सामान पुण्याला आणलं. आता बारा बाय दहाची गच्ची, मी आणि नवऱ्याचे सुस्कारे.

आणलेलं सामान : तांब्याचं मोठं घंगाळ (दोन्ही बाजूंना कड्या, काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी आजीचं नाव आणि १९५४ साल कोरलेलं), चिनी मातीच्या दोन लोणच्याच्या बरण्या (एकीला तडा), शिवणयंत्राचा बिडाचा पाय, दगडी उखळ, निळ्या ऑइलपेंटची एक खिडकी आणि साठ-पासष्ट मंगलोरी कौलं.

घंगाळापासून सुरुवात केली. कुमुद (वॉटर लिली) लावायचं, त्यात गप्पी सोडायचे, म्हणजे डासांचीही चिंता नाही असा बेत होता. घंगाळ चिंच-मीठ लावून घासलं, आतून-बाहेरून आरसा केला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून पागोळीखाली बादल्या लावून पावसाचं पाणी भरलं. वीसेक लिटर मावलं. रोपवाटिकेतून कुमुदाचा कंद आणला, त्याच्या मातीबरोबर दोन गोगलगायी आल्या त्या तशाच राहू दिल्या. संध्याकाळी आठ गप्पी सोडले.

सकाळी गोगलगायी तळाशी, कवचातून बाहेर लोंबलेल्या. गप्पी वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. दुसऱ्या रात्रीपर्यंत आठही गेले. पाणी स्वच्छ होतं, वास नाही, खाणंही जास्त टाकलं नव्हतं. माझं काय चुकलं? बाकीच्या सामानाचं काय करता येईल तेही सुचवा. घंगाळाला भोक पाडा असं मात्र कुणी सांगू नका.

गच्चीवाला
रोपवाटिकेच्या मातीत कीटकनाशक असणार. कंद धुऊन घेतला होतात का?

अंगणवेडी
हो, दोनदा धुतला. आणि त्याच दुकानातून मैत्रिणीने त्याच दिवशी कंद आणला. तिचे गप्पी सिमेंटच्या टाकीत मजेत आहेत.

कल्लेपंख
ताई, उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. आधी गोगलगायी गेल्या, मग मासे. गोगलगायी तांब्याला फार नाजूक. त्या पहिल्या रात्रीच गेल्या म्हणजे पाण्यात तांबं उतरलंय.

अंगणवेडी
पण तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर आपण रोज पितो! आजी आयुष्यभर प्यायली, नव्वदी गाठली.

कल्लेपंख
हा प्रश्न येणारच होता. पिण्याच्या पाण्यात तांब्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे. आपल्या भारतीय मानकात त्याहून कडक, ०.०५ मिलिग्रॅम, आणि दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या असं आहे. माणसाचं पोट आणि यकृत तेवढं सांभाळून घेतं. मासा पाणी पोटात घेऊन थांबत नाही, चोवीस तास कल्ल्यांवरून खेळवतो. अंगातल्या क्षारांचा तोल तो तिथेच राखतो आणि तांबं नेमका तिथे घाव घालतं. लिटरमागे एका मिलिग्रॅमचा छोटासा अंशही छोट्या माशाला पुरतो. शेवाळ मारायला तळ्यात मोरचूद टाकतात ना, तोही तांब्याचाच क्षार. सुपारीच्या बागेत कोळेरोगावर मोरचूद आणि चुना फवारतात तेही तेच.

आता तुम्ही प्रेमाने केलेल्या दोन गोष्टी बघा. चिंच-मिठाने घासलंत, म्हणजे वर्षानुवर्षं बसलेला काळपट थर गेला आणि कोरं तांबं उघडं पडलं. त्यावर पावसाचं पाणी ओतलंत. ते मृदू आणि किंचित आम्ल असतं, तांबं सहज सोडवतं. शिवाय पाण्यात चुना असेल तर कल्ल्यांना तांब्यापासून थोडं संरक्षण मिळतं, पावसाच्या पाण्यात तो जवळपास नाहीच. नळाचं पाणी एक-दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडवून भरलं असतंत तर मासे कदाचित थोडे जास्त टिकले असते. पण शेवटी घंगाळ ते घंगाळच.

दापोलीकर
आतून कल्हई करून घ्या की! कथलाचा थर बसला म्हणजे तांब्याचा प्रश्नच नाही. आमच्याकडे अजून एक कल्हईवाला येतो, भाता आणि नवसागर घेऊन. धुराचा वास आला की आम्ही पोरं पळत सुटायचो.

कल्लेपंख
काका, कल्हई स्वयंपाकाच्या भांड्याला उत्तम. तिथेही ती झिजते म्हणूनच दर काही महिन्यांनी नवी करावी लागते ना? इथे पाणी कायम उभं राहणार, वर कुंडीचा बूड घासणार. एक ओरखडा पडला की पुन्हा तेच. वार्निश, इपॉक्सी यांचीही तीच गत. त्यापेक्षा घंगाळात एक काळा प्लास्टिकचा टब बसवा. पाणी टबात, शोभा घंगाळाची.

मातीहात
टब बसवताना एक विसरू नका, मी विसरले होते. टब आणि घंगाळ यांच्या फटीत पावसाचं पाणी साचतं आणि तिथे मासे पोचत नाहीत. आठ-दहा दिवसांत डासांच्या अळ्यांचे डास होतात. माझ्याकडे पालिकेचे लोक तपासणीला आले आणि नेमकी तीच फट बॅटरी मारून दाखवली. मासे असलेलं पाणी स्वच्छ, आणि दोन बोटांच्या फटीत वळवळ! ती फट काठापर्यंत जाड वाळूने भरा. टबचा काठ घंगाळापेक्षा बोटभर वर राहू द्या.

कुमुद नुसत्या चिकट मातीत लावा, शेणखत घातलंत तर पाणी हिरवं होईल. वरून खड्यांचा थर द्या. एप्रिलमध्ये दुपारची सावली लागेल, वीस लिटर पाणी तापायला वेळ लागत नाही.

अंगणवेडी
म्हणजे घासूनपुसून मीच मारले बिचाऱ्यांना. असो. टब आजच बघते. बाकीच्या वस्तू?

मातीहात
बरण्यांचं बोलते. लोणच्याच्या ना? मग आधी आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. विशेषतः तडा गेलेली. झिलई जिथे फुटली आहे तिथून माती मीठ पिऊन बसलेली असते. मी घाईने मोगरा लावला, पानांच्या कडा पंधरा दिवसांत करपल्या. बरणीच्या बाहेरून पांढरी पूड फुटली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

अखंड बरणीला भोक हवं असेल तर डायमंड बिट आणा, टाइल्सवाले वापरतात तो. बरणी ओल्या गोणपाटावर पालथी घाला, भोकाच्या जागी चिकटपट्टी लावा, ड्रिलचं हॅमर बंद करा आणि पाण्याची धार सोडत हळूहळू पाडा. जोर दिलात की गेली. मी तीन बरण्यांपैकी एक फोडली, हेही सांगून ठेवते. तडा गेलेली मात्र आडवी करून अर्धी मातीत पुरा आणि तोंडातून ऑफिस टाइमची फुलझाडं लावा. सांडल्यासारखा दिसतो.

गच्चीवाला
बिडाच्या पायाला तारेच्या ब्रशने गंज काढा, रेड ऑक्साइडचा हात द्या, मग रंग. वर शहाबादी फरशी ठेवली की कुंड्यांचं टेबल झालं. कुठे मोडला असेल तर साध्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. बीड तापून शेजारी दुसरीकडे तडकतं. नटबोल्ट आणि पट्टी लावून भागवा.

कौलं किती आहेत म्हणालात, पासष्ट? एक कौल अडीच किलोच्या आसपास धरा, म्हणजे दीडशे किलोच्या वर वजन. गच्चीच्या मधोमध थप्पी लावू नका, भिंतीलगत पसरून ठेवा.

दापोलीकर
कौलांच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का आहे का बघा. बासेल मिशनने मंगळूरला पहिला कारखाना काढला १८६०च्या दशकात, त्यानंतर मग कितीतरी निघाले. आमच्या जुन्या घराच्या कौलांवर तीन वेगवेगळे शिक्के आहेत. दरवर्षी पावसाआधी फुटलेली बदलताना जे मिळेल ते चढवलेलं. शिक्क्याची बाजू वर करून वाफ्याच्या कडेला उभी रोवा. फुटक्यांचे तुकडे कुंडीच्या भोकावर टाकायला ठेवा, खापराहून चांगले.

उखळात पाणी घालून ठेवा, पक्षी येतील. पण खोल असतं, तळाशी गोटे टाकून पाणी दोन-अडीच बोटंच ठेवा. आणि रोज बदला, नाहीतर पुन्हा डास.

कल्लेपंख
खिडकीबद्दल कुणीच बोललं नाही. निळा ऑइलपेंट किती जुना? आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. पॉलिशपेपरने कोरडा घासू नका, तीच भुकटी नाकात आणि कुंडीत जाते. पोपडे ओल्या फडक्याने काढा, वर नवा रंग किंवा वार्निश मारा आणि वेल चढवायचा तर शोभेचा. मेथी-पालकाच्या वाफ्याशेजारी ती नको.

अंगणवेडी
मी तिच्यावर घेवडा चढवणार होते. आता कृष्णकमळ. खिडकी सत्तरच्या दशकातली तरी आहे.

अंगणवेडी (पाच आठवड्यांनी)
उशीर झाला, माफी. टब मिळायला चार दुकानं फिरले, घंगाळाचा पोटाकडचा घेर आणि काठाचा घेर वेगळा, कुठलाच नीट बसेना. शेवटी एक लवचिक घमेलं मिळालं, बांधकामवाल्यांचं. ते काठापासून दाबून आत उतरतं. फट वाळूने भरली. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून भरलं. आधी एकच गोगलगाय सोडून आठवडाभर वाट पाहिली, ती जगली, मग सहा गप्पी आणले.

बाहेरून घंगाळ घासणं थांबवलंय. काळपट पडतंय, पण आजीचं नाव उलट आता जास्त उठून दिसतं, ठिपक्यांत काळं बसल्यामुळे. भावाला फोटो पाठवला तर म्हणतो, "मोडीत घालू म्हणणारा मी नव्हेच."

एक बरणी फोडली. मातीहात, तुमच्यापेक्षा माझा हिशोब वाईट, दोनांपैकी एक. ती अखंड होती. तडा गेलेली मात्र छान आडवी पडून आहे.

कुमुदाला तिसरं पान आलंय. आणि काल पानाखाली पापणीच्या केसाएवढं काहीतरी हललं, अळ्या समजून मी घाबरून गाळणी आणली. पिल्लं आहेत. सतरापर्यंत मोजली, मग हलायला लागली. सिंहगड रस्त्याच्या बाजूला कुणाला गप्पी हवे असतील तर काचेची बरणी घेऊन या. पितळेची नको.