पिवळं क्रोमेट झकास दिसतं, पण सॉल्ट स्प्रेला 48 तासांत पांढरे ठिपके. चुकतंय कुठे?

अंबड_जॉबवर्क:
नमस्कार मंडळी. नाशिकला अंबडमध्ये छोटं युनिट आहे. कंट्रोल पॅनलच्या चासिस करतो, 6061 या अॅल्युमिनियमचा 3 मिमी पत्रा. ग्राहकाला चासिसवरूनच अर्थिंग हवं, त्यामुळे अॅनोडाइझ चालत नाही, त्याचा थर वीज अडवतो. म्हणून क्रोमेट मागितलंय, म्हणजे गंज रोखणारा पण वीज जाऊ देणारा क्रोमियमचा पातळ थर. सॉल्ट स्प्रे, म्हणजे बंद चेंबरमधली मिठाच्या फवाऱ्याची गंज-चाचणी, 168 तास टिकला पाहिजे. आमच्या प्लेटवर दोन दिवसांतच पांढरे ठिपके येतात. रंग मात्र छान सोनेरी. प्रोसेस अशी: डिग्रीझ (तेल काढणं), कॉस्टिक सोडा, नायट्रिक आम्ल, क्रोमेट 3 मिनिटं, मधे प्रत्येक वेळी पाणी, शेवटी ओव्हनला 110 अंशावर 15 मिनिटं. बाथ (क्रोमेटच्या टाकीतलं द्रावण) सप्लायरकडून तपासून घेतला, बरोबर आहे म्हणाला.

पत्रा_आणि_प्रेस:
थर पातळ बसत असेल. 3 ऐवजी 6 मिनिटं ठेवून बघा.

भोसरी_टाकीवाला:
वेळ कृपया वाढवू नका. जास्त वेळ ठेवलेला थर भुसभुशीत होतो. पांढऱ्या फडक्यानं पुसलं की पिवळी पूड हाताला येते, आणि वर पेंट मारला तर तोही धरत नाही.

मी 26 वर्षं टाक्यांवर काम करतोय. मला खटकलं ते तुमचं ओव्हन. ते पहिल्यापासून आहे की नंतर आलं?

अंबड_जॉबवर्क:
जुलैपासून. पावसात पार्ट सुकेनात, आणि गाडी तर संध्याकाळी भरायची असते.

भोसरी_टाकीवाला:
मग तेच.

क्रोमेट हा वरून दिलेला रंगाचा हात नाही. बाथमधलं आम्ल अॅल्युमिनियम खातं, त्यामुळे धातूला अगदी लागून असलेल्या पाण्यातली आम्लता उतरते, बाथमधल्या हेक्झा क्रोमियमचं (विरघळणारं, विषारी रूप) ट्रायव्हॅलंट (सहज न विरघळणारं रूप) होतं आणि क्रोमियम हायड्रॉक्साइडची जेली तिथेच धातूला धरून बसते. नुकत्याच काढलेल्या ओल्या पार्टवर नख ओढून बघा. दुधावरची साय सरकावी तसा थर सरकतो. म्हणूनच ओला पार्ट कडेला धरायचा, एकावर एक रचायचा नाही.

या जेलीत थोडं हेक्झा क्रोमियम शिल्लक राहतं. पुढे कधी ओरखडा पडला आणि ओल आली, की ते विरघळून उघड्या धातूवर जातं आणि तिथे नव्यानं थर धरतं. ही सगळी करामत जेलीत पाणी आहे तोवरच. 60 अंशांच्या वर नेलं की पाणी उडतं, आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखा थर तडकतो आणि क्रोमियम आत कोंडून बसतं, विरघळत नाही. रंग मात्र जवळपास तसाच राहतो, म्हणून डोळ्यांना पत्ता लागत नाही.

एकाच लॉटच्या दोन प्लेट घ्या. एक ओव्हनला, दुसरी साध्या पंख्याखाली. दोन्ही 24 तास तशाच ठेवून मग चेंबरला लावा.

आणि डिग्रीझनंतर धुतलेल्या पत्र्यावर पाणी अर्धा मिनिट तरी अखंड चादरीसारखं राहतंय का, ते रोज बघा. पाणी फाटलं किंवा थेंब जमले तर तिथे तेल आहे, आणि तिथे थर धरणारच नाही. शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यात असेल तर डीएम (क्षार काढलेलं) पाणी घ्या, क्षाराचे डाग तिथूनच येतात.

अंबड_जॉबवर्क:
दहा दिवसांनी लिहितोय. ओव्हनवाल्या प्लेटला तिसऱ्या दिवशी ठिपके आले, पंख्याखालची 168 तासांनंतरही स्वच्छ निघाली! ओव्हनची वायर काढून ठेवलीय. मनापासून आभार. आता एकच राहिलं: एडीसी12 ची (साच्यात ओतायचं अॅल्युमिनियम) डायकास्ट झाकणं याच लाइनला टाकली तर काळी पडतात.

भोसरी_टाकीवाला:
फार बरं वाटलं वाचून.

एडीसी12 मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं, सिलिकॉन काळ्या काजळीसारखं वर उरतं. नायट्रिक त्यातल्या तांब्याला विरघळवतं, सिलिकॉनला हातही लावत नाही. कास्टिंगला कॉस्टिक देऊच नका, सौम्य क्लीनर वापरा आणि डीस्मट (काजळी काढणारं द्रावण) फ्लोराइडवालं घ्या. फ्लोराइड हाडापर्यंत जातं, त्यामुळे अंगावर उडालं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल टाकीशेजारी ठेवल्याशिवाय ती टाकी सुरू करू नका.

निर्यात_क्यूसी:
आमच्या युरोपच्या ग्राहकाला आरओएचएस (इलेक्ट्रिक मालातल्या घातक पदार्थांवरचा युरोपचा नियम) हवंय. पिवळं चालेल?

भोसरी_टाकीवाला:
नाही. त्यात हेक्झाची मर्यादा 0.1 टक्का आहे, तीही त्या थराच्या स्वतःच्या वजनावर मोजतात, अख्ख्या पार्टच्या नव्हे. ट्रायव्हॅलंट घ्या. ते जवळजवळ बिनरंगी असतं, नजरेनं पारख होत नाही, म्हणून पीएच आणि वेळेची नोंद काटेकोर ठेवावी लागते. मी तर सगळ्यांनाच तिकडे वळा म्हणेन.

त्याला कारण आहे. सुरुवातीच्या दिवसांत माझ्या शेजारच्या टाकीवर एक पोरगा होता. हातावर गोल, खोल, न दुखणारे व्रण, आणि नाकातून सारखं रक्त. सगळे म्हणायचे उष्णता आहे. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं तेव्हा नाकाच्या पडद्याला आरपार भोक होतं. त्या दुकानात ना एक्झॉस्ट होतं, ना कोपरापर्यंतचे हातमोजे. हेक्झा क्रोमियमनं फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे तर सिद्धच आहे.

अंबड_जॉबवर्क, तुमचा तो पंखा टाकीपासून लांब आहे ना? आणि टाकीच्या काठाला ओढणारं एक्झॉस्ट आहे का?

अंबड_जॉबवर्क:
पंखा टाकीला लागूनच आहे, आणि एक्झॉस्ट नाही. पंखा आत्ताच पलीकडच्या शेडमध्ये हलवला. एक्झॉस्टच्या मापासाठी उद्या सकाळी फॅब्रिकेटरला बोलावलंय. तोवर टाकी झाकून ठेवतो.