ह्यूगो: साइटमॅपमध्ये ६४० पानांना एकच तारीख

प्रश्न

पक्ष्यांच्या नोंदींची माझी साइट ह्यूगोवर (मजकुराच्या फाइलींतून साइट तयार करणारं साधन) आहे, ६४० पानं. गिटमधल्या (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली) तारखा याव्यात म्हणून कॉन्फिगमध्ये ‘एनेबल गिट इन्फो’ चालू केलंय. काल फक्त खंड्याच्या पानावरची एक वेलांटी सुधारली आणि साइट चढवली. साइटमॅप (शोधयंत्रांसाठीची पानांची यादी) उघडला, तर सगळ्या पानांचं ‘लास्टमॉड’ (शेवटच्या बदलाची वेळ) एकच, अगदी सेकंदापर्यंत! माझ्या लॅपटॉपवर बिल्ड केलं (साइट तयार केली) की तारखा बरोबर येतात. शिवाय टॅगची पानंही यादीत घुसली आहेत, ती नकोत. साइटमॅपमधली ‘प्रायॉरिटी’ (पानाचं महत्त्व) वाढवून काही फरक पडेल का?

उत्तर १

प्रायॉरिटी आणि ‘चेंजफ्रीक’ (पान किती वेळा बदलतं) गूगल बघतच नाही. लास्टमॉड बघतं, पण तारखा सातत्याने खऱ्या असतील तरच. तेव्हा आधी तारखांचंच बघा.

उत्तर २

लॅपटॉपवर बरोबर आणि सर्व्हरवर चूक, म्हणजे बिल्ड सर्व्हर रेपोची (गिटमधल्या तुमच्या साठ्याची) उथळ प्रत घेतोय, फक्त शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल). मागचा इतिहासच नसल्यामुळे प्रत्येक फाइल त्या एकाच कमिटमध्ये जन्मल्यासारखी दिसते. बिल्ड गिटहब ॲक्शन्सवर होत असेल, तर चेकआउटच्या (रेपोची प्रत घेण्याच्या) पायरीत ‘फेच डेप्थ’ शून्य करा. शून्य म्हणजे पूर्ण इतिहास. मुळात तिथे १ असतो.

टॅगसाठी स्वतःचा साइटमॅप टेम्प्लेट (साचा) लिहा. ह्यूगो ०.१४६ किंवा पुढचं असेल तर फाइल थेट लेआउट्स फोल्डरात ठेवायची. पानांवरून फिरताना ज्यांचा ‘काइंड’ (पानाचा प्रकार) टॅक्सॉनॉमी (सगळ्या टॅगची यादी) किंवा टर्म (एका टॅगचं पान) आहे ती गाळा. एखाददुसरंच पान वगळायचं असेल तर त्याच्या फ्रंट मॅटरमध्ये (फाइलीच्या सुरुवातीचा माहितीचा भाग) साइटमॅपखाली ‘डिसेबल’ ट्रू केलं की पुरतं (०.१२५ पासून). मात्र टेम्प्लेट स्वतःचा असेल तर ही खूण तपासायची अटही त्यातच लिहावी लागते. मी ती विसरले होते, आणि वगळलेली पानं महिनाभर यादीत तशीच होती.

आणि यादीतून काढलं म्हणजे शोधातून गेलं असं नाही. त्यासाठी पानावर ‘नोइंडेक्स’ (शोधात दाखवू नका अशी खूण) हवं. तेच पान रोबोट्स फाइलमध्ये अडवू नका, नाहीतर क्रॉलरला (पानं वाचत फिरणारा शोधयंत्राचा प्रोग्राम) ते नोइंडेक्स वाचताच येणार नाही.

प्रश्नकर्ती

डेप्थ शून्य केली, तारखा वेगवेगळ्या आल्या! पण ४०० पानं अजून एकाच दिवसाची. मार्चमध्ये एका टॅगचं नाव स्क्रिप्टने बदललं होतं, तो कमिट असणार.

उत्तर २

बरोबर, तोच. गिटच्या लेखी तोही बदलच. त्या पानांच्या फ्रंट मॅटरमध्ये खरी तारीख ‘लास्टमॉड’ म्हणून लिहा. मात्र ह्यूगो आधी गिटला विचारतो, मग तुमच्या तारखेला. कॉन्फिगच्या ‘फ्रंटमॅटर’ विभागात हा क्रम उलटा करा: आधी लास्टमॉड, मग गिट. जुन्या तारखा काढायला त्या कमिटच्या आधीचा गिट लॉग बघा, स्क्रिप्टने एका बैठकीत होईल.

प्रश्नकर्ती

झालं. खंड्याला कालची तारीख, बाकीच्यांना आपापली. टॅगही गेले. मनापासून आभार.