शाळेमागचं रान: जेसीबी फिरवावा की राहू द्यावं?

तुरीचं शेत (धागाकर्ता)
यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जि.प. शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे मी. शाळेमागं चार-पाच गुंठे पडीक. रुई, तरोटा, दोन बोरी, एक पळस आणि कुंपणाला गाजरगवत. ठराव असा आलाय की जेसीबीनं सगळं साफ करायचं, पेव्हर ब्लॉक बसवायचे, कडेनं कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड. मी एकटा आडवा आलो. गाजरगवत उपटा, पण बाकीचं राहू द्या. त्यात लिंबू, कढीपत्ता, बहावा लावा आणि परिसर अभ्यासाचा तास तिथंच घ्या. लिंबाच्या पानावरची फुलपाखराची अळी आधी चिमणीच्या शिटेसारखी दिसते आणि मोठी झाली की हिरवीगार होते. हे पोरानं पुस्तकात पाहायचं की पानावर?

माय दोघांची
भाऊ, तुमाले फुलपाखरू दिसते, मले साप दिसते. मागच्या पावसाळ्यात आमच्या इथं खिचडीच्या खोलीत मण्यार निघाली. अन् रुईचा चीक लेकराच्या डोळ्यात गेला तं कोण पाह्यते? दवाखाना किती दूर हाय ते आधी सांगा.

रानवाट
ताई, साप झाडाले नाही येत, उंदराले येते. सांडलेले तांदूळ आणि भिंतीमागं वर्षानुवर्षं पडलेला फुटक्या कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, ढीग, हे त्याचं घर. जेसीबी त्या ढिगावर चालवा ना! रुईचं म्हणाल तर भीती खरी आहे, चीक डोळ्याला वाईटच. पण नारिंगी प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या रुईच्या जातीवरच वाढतात. तिचं विष अंगात मुरतं, म्हणून पाखरं त्यांना टाळतात.

निवृत्त गुरुजी
एकतीस वर्षं नोकरी केली. दर जुलैत झाड लावलं, बहुतेक वेळा त्याच खड्ड्यात. फोटो निघाला की झालं. आपल्याकडं शाळा जूनअखेरीस उघडतात, मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, आणि तेव्हा शाळेत असतात फक्त शेळ्या. त्यात दोन शिक्षकांकडं चार वर्ग. आता फुलपाखरांचंही रजिस्टर ठेवायचं का? त्यापेक्षा परसबागेत पालक-मेथी लावा, निदान पोषण आहारात तरी पडेल.

तुरीचं शेत
गुरुजी, म्हणूनच तर देशी झाडं म्हणतो. पळस मे महिन्यात पाणी मागत नाही, लॉन मागतं. कुंपणाला निरगुडी लावू, शेळी तोंड लावत नाही. बोरीचं मात्र खरं, तिला शेळी सोडणार नाही. नवीन रोपांना पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावंच लागेल, तेवढं कबूल.

रोखठोक
देशी-देशीचा फार बाऊ नको. सीताफळ अमेरिकेतून आलं, बांधावरची एकदांडीही तिकडचीच, आणि तिच्यावर फुलपाखरं बसतातच की.

रानवाट
बसतात, रस प्यायला. रसाला पुष्कळ फुलं चालतात. अंडी घालायची तर ठरलेलं झाड लागतं, नाहीतर अळी उपाशी मरते. आपल्या वर्ध्यात 1937 साली गांधीजींच्या नई तालीमची परिषद झाली, हातानं काम करत शिकायचं ठरलं. अन् आता पोराच्या नखात माती दिसली की आपण शाळेत भांडायला जातो!

निवृत्त गुरुजी
नई तालीमच्या मास्तरांना ऑनलाइन माहिती भरावी लागत नव्हती.

माय दोघांची
कवेलूचा ढीग आधी उचला. मधातून रुंद पायवाट काढा, गवत कापत जा, मास्तर संगं असल्याशिवाय लेकरू आत जाऊ नये. एवढं होत असन तं मी बैठकीत हात वर करीन. रुई मात्र नाही म्हणजे नाही.

तुरीचं शेत
मंजूर. रुई पलीकडच्या धुऱ्यावर आहेच, पोरं कुंपणातून पाहतील. बैठक शुक्रवारी.

निवृत्त गुरुजी
मे महिन्यात पाणी कोण घालणार, त्याचं नाव ठरावात लिहा. मग बोला.