मदत हवी आहे: यूबीआयएफएसवर (नँड फ्लॅशसाठीच्या फाइल सिस्टीमवर) छोट्या नोंदी लिहिताना होणारा खोळंबा कसा टाळावा?

नमस्कार.

शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या रोहित्रांवर, म्हणजे गावात ज्याला सगळे डीपी म्हणतात त्यावर, बसवण्यासाठी आम्ही एक नोंदयंत्र तयार करत आहोत. ते तिन्ही फेजचा दाब व प्रवाह मोजते आणि सेकंदाला चार नोंदी साठवते; प्रत्येक नोंद ६४ बाइटची असते. वीज जाण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन सेकंदांत दाब कसा कोसळला आणि कोणता फेज आधी गेला हे समजावे, हाच या यंत्राचा मुख्य उद्देश आहे, आणि नेमकी त्याच क्षणी यंत्राची स्वतःची वीजही जाते. त्यामुळे प्रत्येक नोंदीनंतर आम्ही एफसिंक (रॅममधील माहिती लगेच कायमच्या साठवणुकीत उतरवण्याचा आदेश) करतो. "एफसिंक कमी करा" हा सल्ला एरवी योग्यच आहे, पण येथे तो स्वीकारला तर ज्या नोंदींसाठी यंत्र बसवले त्याच हातच्या जातील.

साठवणुकीसाठी २५६ एमबीची एसएलसी नँड (एका सेलमध्ये एकच बिट ठेवणारी फ्लॅश मेमरी) थेट प्रोसेसरला जोडलेली आहे. तिचे पेज (एका वेळी लिहिण्याचे एकक) २ केबीचे आणि ब्लॉक (एका वेळी पुसण्याचे एकक) १२८ केबीचा आहे. वर लिनक्स, यूबीआय (नँडचे ब्लॉक सांभाळणारा थर) आणि २०० एमबीच्या व्हॉल्यूमवर यूबीआयएफएस अशी रचना आहे. प्रोसेसर मंद असल्याने कॉम्प्रेशन बंद ठेवले आहे. दिवसाला एक फाइल होते, ती सुमारे २२ एमबीची असते, आणि आठ दिवसांच्या फाइली ठेवून त्याआधीची काढून टाकली जाते. म्हणजे व्हॉल्यूम कायम ८५ टक्क्यांच्या आसपास भरलेला असतो.

व्हॉल्यूम रिकामा असताना एफसिंक काही मिलिसेकंदांत परत येतो. मात्र आठवडा उलटला की मधूनच एखादा एफसिंक दीड-दोन सेकंद अडकून राहतो. तोपर्यंत नव्या नोंदी रॅममधील रांगेत थांबतात. रांग लांब करणे सहज शक्य आहे, पण त्या वेळी वीज गेली तर रांगेतील सर्व नोंदी नष्ट होतील, म्हणून तो मला उपाय वाटत नाही.

कारण शोधताना जे आकलन झाले ते मांडतो; चूक असल्यास कृपया दुरुस्त करावे. यूबीआयएफएस फाइलचा मजकूर ४ केबीच्या नोडमध्ये (तुकड्यांत) ठेवते. फाइलच्या शेवटी ६४ बाइट जोडले की शेवटचा अर्धवट नोड पूर्णच्या पूर्ण नव्या जागी लिहिला जातो, फाइलचा आकार बदलल्यामुळे आयनोडही (फाइलचा आकार, वेळ अशा माहितीची नोंद) लिहिला जातो, आणि हे दोन्ही जर्नलच्या (नवे लेखन आधी जिथे जाते त्या भागाच्या) वेगवेगळ्या हेडवर (लेखनाच्या टोकांवर) जात असल्याने प्रत्येकाचा राइट बफर पेजच्या सीमेपर्यंत भरून नँडवर उतरवावा लागतो. म्हणजे एका नोंदीमागे किमान दोन पेज, ४ केबी. दिवसाच्या ३,४५,६०० नोंदींचा हिशेब केला तर २२ एमबीच्या माहितीसाठी किमान १.४ जीबी लेखन होते. १,६०० ब्लॉकवर हा भार विभागला तर प्रत्येक ब्लॉक दिवसातून साधारण सात वेळा पुसला जातो. एसएलसीची मर्यादा एक लाख वेळा पुसण्याची धरली तर झिजेची चिंता नाही. चिंता आहे ती केवळ खोळंब्याची. या लेखनाचा बहुतेक भाग पुढच्याच नोंदीला निरुपयोगी होतो, आणि यूबीआयएफएस गार्बेज कलेक्शन (निरुपयोगी झालेली जागा मोकळी करण्याचे काम) जागा कमी पडेल तेव्हाच, लिहिणाऱ्यालाच थांबवून करते. त्यातच कमिटची (जर्नलमधील बदल मुख्य निर्देशांकात उतरवण्याची) गरज पडली तर एफसिंकला त्यासाठीही थांबावे लागते. मला दिसणारे दीड-दोन सेकंद येथूनच येत असावेत.

एक प्रयोग करून पाहिला. दिवसाची फाइल आधीच शून्यांनी भरून ठेवायची, तिच्यातच नोंदी लिहायच्या आणि एफसिंकऐवजी एफडेटासिंक (मजकूर आणि अगदी आवश्यक तेवढीच इतर माहिती उतरवणारा आदेश) वापरायचा, म्हणजे आकार न बदलल्यामुळे आयनोडचे लेखन वाचेल, अशी कल्पना होती. निकाल उलटा आला. विचार केल्यावर कारण लक्षात आले: आता प्रत्येक वेळी ४,०९६ बाइट अधिक ४८ बाइटचा हेडर असा पूर्ण नोड लिहिला जातो, आणि कॉम्प्रेशन बंद असल्याने तो दोन पेजमध्ये मावत नाही, तिसरे पेज लागते. एलझेडओ (कॉम्प्रेशनची एक पद्धत) सुरू केल्यास शून्यांचा भाग जवळजवळ नाहीसा होईल, हे खरे. ती चाचणी आता लावली आहे, पण व्हॉल्यूम भरायला आठवडा लागणार.

एफ२एफएस (फ्लॅशसाठीची आणखी एक फाइल सिस्टीम) वापरण्याची सूचना एका सहकाऱ्याने केली होती. ती ईएमएमसी किंवा एसडी कार्डासारख्या, आत स्वतःचा कंट्रोलर असलेल्या साधनांसाठी आहे. आमच्या नँडवर ती थेट चालणार नाही.

आता माझा कल ताज्या नोंदी फाइल सिस्टीमच्या बाहेर ठेवण्याकडे आहे. ४ एमबीचा वेगळा यूबीआय व्हॉल्यूम घेऊन त्यात एका नोंदीला एक पेज या हिशेबाने चक्राकार लिहीत जायचे, पुढचे ब्लॉक आधीच पुसून ठेवायचे, आणि दर काही मिनिटांनी साठलेल्या नोंदी एकत्र करून यूबीआयएफएसमध्ये न्यायच्या. यूबीआयमध्ये डायरेक्ट राइटची (फाइल सिस्टीमशिवाय व्हॉल्यूमवर थेट लिहिण्याची) परवानगी देणारा व्हॉल्यूमचा गुणधर्म आहे. तो प्रत्यक्ष उत्पादनात कोणी वापरला आहे का? लेखन अर्धवट असताना वीज गेली तर ते पेज ओळखण्यासाठी नोंदीतील सीआरसी (माहिती बिघडली का हे तपासणारी बेरीज) पुरेसा ठरतो, की ईसीसीच्या (नँडमधील चुकीचे बिट दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेच्या) त्रुटीमुळे यूबीआय वाचतानाच अडखळते?

दुसरा मार्ग ३२ केबीच्या एफरॅमचा (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या मेमरीचा). तिला पुसावे लागत नाही आणि तिच्यात ५१२ नोंदी, म्हणजे दोन मिनिटांहून थोडा अधिक काळ मावतो. मात्र त्यासाठी सर्किट बोर्ड बदलावा लागेल, आणि पहिली तुकडी बनून तयार आहे. ज्यांनी हे केले आहे त्यांनी तो खर्च सार्थ ठरला का, हे सांगितल्यास निर्णय घेणे सोपे जाईल.

शिवाय, व्हॉल्यूम बनवताना जर्नलचा आकार वाढवला तर कमिट कमी वेळा होईल, पण वीज परत आल्यावर रिप्लेला (जर्नल पुन्हा वाचून फाइल सिस्टीम सावरण्याला) अधिक वेळ लागेल. आमच्याकडे वीज दिवसातून अनेकदा जाते. अशा परिस्थितीत आपण जर्नल किती मोठा ठेवला होता, आणि माउंट होण्यास किती वेळ लागत होता? आपले आकडे वेगळ्या नँडवरचे असले तरी पेज आणि ब्लॉकचा आकार सोबत दिल्यास मला तुलना करता येईल.