अनुभव धागा: अशिलाने केलंय हे माहीत असताना...

नाशिक कोर्टात प्रॅक्टिस सुरू करून मला सहा वर्षं झाली. घरचे, मैत्रिणी, रिक्षावाले काका, सगळ्यांचा एकच प्रश्न, गुन्हेगाराला सोडवताना तुम्हाला काही वाटत नाही का? मागच्या महिन्यापर्यंत माझं उत्तर पाठ होतं. म्हणून हा धागा काढतेय, वकील असाल, वकिलाच्या घरातले असाल, नाहीतर समोरच्या बाजूचे असाल, आपापला अनुभव लिहा. नावं, केस नंबर टाकू नका.

माझ्यापासून सुरुवात करते. जुनी ३९२ ची, म्हणजे जबरी चोरीची केस, पंचवटीत पहाटे फुलं तोडायला निघालेल्या आजींचं मंगळसूत्र ओढलेलं. अशिलाने मला पहिल्याच भेटीत सांगितलं, मॅडम मीच ओढलं. पोलिसांनी सराफाकडून जप्त केली ती सोन्याची लगड, म्हणजे मंगळसूत्र म्हणून ओळखायला काही उरलंच नव्हतं, आणि पंच, म्हणजे जप्तीचा साक्षीदार, फितूर, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या म्हणाला, नेहमीचंच. राहिली ओळख परेड, म्हणजे रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून आरोपी ओळखून दाखवणं. आजींना क्रॉसमध्ये, म्हणजे उलटतपासणीत, एकच प्रश्न विचारला, परेडच्या आधी तुम्हाला हा माणूस पोलिस स्टेशनात दाखवला होता का? आजी सरळ म्हणाल्या, हो, साहेबांनी दाखवला ना, हाच का म्हणून विचारलं. आधीच दाखवलेला माणूस ओळखण्याला अर्थ काय, परेड तिथेच संपली. निर्दोष.

म्हणजे बघा, आजींनी ओळखलेला माणूस बरोबर होता, त्या एक अक्षर खोटं बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या त्या खरं बोलण्यावरच तो सुटला. बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं आणि विचारलं, बाई, माझं काही चुकलं का?

जुना काळाकोट
तीस वर्षं सेशनला काढली. माझा हिशोब सोपा आहे, अशील म्हणाला मी केलं, तरी सरकार पक्षाला म्हणता येतं की सिद्ध करा, प्रत्येक साक्षीदाराला घासता येतं, पण "हा तिथे नव्हताच" असं सांगणारा साक्षीदार मी पिंजऱ्यात उभा करायचा नाही. निफाडकडची बांधावरची मारामारी होती, एक जण गेला. अशील म्हणे माझा आतेभाऊ सांगेल मी त्या दिवशी वणीला गडावर होतो. म्हणलं ते जमणार नाही, अचानक भांडण झालं, आधीची काही तयारी नव्हती, ३०२ वरून ३०४ वर, म्हणजे खुनावरून सदोष मनुष्यवधावर, आणायचा प्रयत्न करतो. त्याने वकीलपत्र काढून घेतलं, दुसऱ्याकडे गेला, आतेभाऊ आला, छान बोलला आणि हा सुटला. आता मेहेर सिग्नलला दिसला की लांबून नमस्कार घालतो. रुखरुख म्हणाल तर फी गेली त्याची जास्त आहे.

सिडकोची सून
मी वकील नाही, माझा नवरा आहे. त्याने लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या केसमध्ये आरोपीचं वकीलपत्र घेतलं ती बातमी सोसायटीत पसरली आणि त्या वर्षी माझ्या हळदीकुंकवाला चार जणी आल्या. त्याच्याशी मीही महिनाभर धड बोलले नाही. अजून पटलेलं नाही, आणि त्याच्याच फीवर मुलाची ॲडमिशन झाली हेही खरं.

एक भाऊ
गंगापूर रोडला माझा भाऊ गाडीखाली गेला. चालवणारा प्यायलेला होता. कोर्टात त्याच्या वकिलाने माझ्या वडिलांना विचारलं, तुमच्या मुलाला फास्ट चालवायची सवय होती ना? वडील नुसते बघत राहिले. तुमची तत्त्वं तुमच्यापाशी ठेवा.

ॲडव्होकेट इन मेकिंग
दादा वाईट वाटलं वाचून. पण बार कौन्सिलचा नियम १५ च आहे की आरोपी दोषी आहे असं स्वतःला वाटत असलं तरी वकिलाने त्याचा बचाव करायचा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय शिक्षा होऊ नये.

एक भाऊ
नियम कळतो हो. तो प्रश्न विचारायची गरज होती का एवढंच विचारतोय.

जुना काळाकोट
नव्हती. हेल्मेट, स्पीड, स्पॉट पंचनामा यावर तपासी अंमलदाराला विचारता येतं. बापाला नाही.

मोफतवाला वकील
मी विधी सेवाकडून केसेस करायचो. लोकांना वाटतं दोषी अशील म्हणजे मोठा डॉन. नाशिकरोड जेलला जाऊन बघा, मोबाईल चोरलेला, बॅटरी चोरलेला, जामीन झालाय पण जामीनदार नाही म्हणून आत बसलेला. यातले बरेच जण केलंय म्हणूनच सांगतात. एकाची चार्जशीट साठ दिवसांच्या मुदतीत आली नाही, एकसष्टाव्या दिवशी जामिनाचा अर्ज टाकला आणि तो बाहेर. फिर्यादी मला शिव्या घालत होता, मी म्हणलं मला कशाला, कॅलेंडर मी छापलंय का.
आणि कसाबचं उदाहरण सगळे देतात म्हणून सांगतो. २००९ मध्ये त्याच्यासाठी नेमलेल्या वकील बाईंच्या घरासमोर निदर्शनं झाली होती. २०१० मध्ये तमिळनाडूच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की अमुक आरोपीचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही असे बारचे, म्हणजे वकील संघटनांचे, ठराव बेकायदा आहेत. आणि २०१२ मध्ये खुद्द कसाबच्याच निकालात लिहिलं की आरोपीला पहिल्यांदा हजर केलं की वकिलाचा हक्क त्याला समजावून सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं काम. तरीही भिंतीवरचे ठराव काही थांबत नाहीत.

रिटायर हवालदार
मॅडम, धागा वाचून आधी राग आला. आम्ही रात्र रात्र जागून आरोपी आणायचा आणि तुम्ही एका प्रश्नात सोडायचा. मग दोन दिवस विचार केला. आजींना माणूस तुम्ही नाही दाखवला, आमच्यातल्याच कोणीतरी दाखवला. का दाखवतात तेही सांगतो, परेडला नायब तहसीलदार येणार, आजींनी भलत्याच्याच अंगावर हात ठेवला तर काय, म्हणून आधी खात्री करून घ्यायची. पंचनामा पण जागेवर कमी आणि ठाण्यात बसून जास्त, पंच म्हणजे समोरचा चहावाला, त्याला तारखेला कोण विचारतो कशावर सही केली होती. मी स्वतः असं केलंय. माणूस बरोबर असायचा म्हणून कधी चुकीचं वाटलं नाही.

सिडकोची सून
हवालदारकाका, हे आधी कोणी बोललं असतं तर.

एक भाऊ
मॅडम, पण आजींना उत्तर काय दिलंत?

(धागाकर्ती)
काहीच नाही. म्हणलं आजी, पायऱ्या उंच आहेत, सांभाळून उतरा. हात धरून खालपर्यंत सोडलं. रिक्षात बसताना म्हणाल्या, तू चांगली आहेस गं.