सल्ला हवा: बायोसिक्युरिटी डिप्लोमसीची तयारी, बजेट १५ हजार

पाचवी_गल्ली: नमस्कार मंडळी. कोल्हापुरातच सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. चालू आहे, दुसरं वर्ष. विकसनशील देशांतल्या तरुण शास्त्रज्ञांना बायोसिक्युरिटी डिप्लोमसी शिकवतात, म्हणजे जंतूंचा शस्त्र म्हणून वापर होऊ नये यासाठी देशादेशांत चालणाऱ्या वाटाघाटी, तिथं अर्ज करायचाय. यूएननं २०१९ ला जिनिव्हात अशी कार्यशाळा घेतली होती, पुढं 'युथ फॉर बायोसिक्युरिटी' फेलोशिप आली. लॅबमधलं कळतं, जैविक अस्त्रांवरच्या करारातलं काही कळत नाही. तयारी कशी करू? स्टायपेंडमधून १५ हजार बाजूला काढलेत. वर एक रुपया नाही.

पोल्ट्रीवाला_हातकणंगले: ताई, बायोसिक्युरिटी म्हणजे गेटवर फूटबाथ (पाय बुडवायला जंतुनाशक पाणी), गाडीच्या चाकांवर फवारणी, शेडमध्ये परका माणूस नाही. डिप्लोमसी म्हणाल तर शेजारच्या फार्मवाल्याला 'मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नको' असं भांडण न होता सांगून बघा. आठ वर्षं प्रयत्न चालू आहे.

सर्टिफिकेटराव: मी ४५ हजारांचा ऑनलाइन डिप्लोमा केला. जगात भारी. फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. बजेट थोडं वाढवा.

मीठभाकरी: ४५ हजारात फ्रेम धरून का? मीपण असल्याच एका कोर्सला फसलोय. सगळे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट होते.

जुना_लॅबवाला: वरच्या दादांचा फूटबाथ चूक नाही, पण हिचा विषय वेगळा. मराठीत बायोसेफ्टीही जैवसुरक्षा आणि बायोसिक्युरिटीही जैवसुरक्षा, म्हणून घोळ. आमचे सर सांगायचे, पहिल्यात जंतूपासून माणूस वाचवायचा, दुसऱ्यात माणसापासून जंतू, म्हणजे कुणी चोरून गैरवापर करू नये.

पोल्ट्रीवाला_हातकणंगले: माणसापासून कोंबडीपण वाचवावी लागते.

तारारराणी_चौक: पैसे खर्चू नकोस, फुकटचं आधी वाच. जैविक अस्त्रबंदी करार १९७२ चा, लागू २६ मार्च १९७५ पासून. गंमत अशी की कोण पाळतंय हे तपासायला निरीक्षकच नाहीत. २००१ मध्ये तपासणीचा मसुदा अमेरिकेनं झिडकारला आणि सगळं बसलं. २००६ साली कराराची कचेरी मंजूर झाली, त्यात तेव्हा माणसं तीन. आमच्या पतसंस्थेत शिपाई धरून सात आहेत. दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत देशांनी आपापल्या लॅबची माहिती कळवायची, तेही बरेच कळवत नाहीत.

खरी ओढाताण कलम १० वर. आपल्यासारखे देश म्हणतात, शांततेच्या कामासाठी यंत्रं, जंतू, तंत्र मोकळेपणानं द्या. श्रीमंत देश म्हणतात, आधी कलम ४ प्रमाणे घरचे कायदे करा, निर्यातीवर लगाम लावा. यात भारताची जागा मजेशीर आहे: कलम १० साठी भांडतो, तपासणी बंधनकारक हवी म्हणतो, आणि २०१८ पासून ऑस्ट्रेलिया ग्रुप या निर्यात नियंत्रणवाल्या गटातही आहे. कराराच्या बैठकांतली भारताची निवेदनं आणि स्कोमेट या सरकारच्या निर्यात-नियंत्रण यादीतला जंतूंचा भाग वाच. मुलाखतीत हे बोललीस तर वेगळी दिसशील. निर्णय एकमतानं होतात, एक देश अडला की सगळं अडलं. तेव्हा मैत्रिणींना देश वाटून दे आणि एका परिच्छेदावर दोन तास भांडा.

सर्टिफिकेटराव: हे सगळं माझ्या डिप्लोमात होतं.

काका_निवृत्त: त्यापेक्षा यूपीएससी दे. परराष्ट्र सेवेत गेलीस की जिनिव्हा आपोआप.

मीठभाकरी: काका, ती शास्त्रज्ञ आहे. एक सांगतो, प्रवासखर्च कोण देतं ते पत्रकात नीट बघ. आणि फुकटचं आधी वाच.

रंकाळा_सायंकाळ: थंडीचा कोट इथं घेऊ नका, मी घेतला आणि पहिल्याच पावसात अस्तर सुटलं. कांदा-लसूण मसाला न्या. तिकडचं जेवण अळणी.

पाचवी_गल्ली: सगळ्यांचे आभार. निवेदनं वाचायला घेतली, तारारराणी_चौक यांना खास धन्यवाद. पण पैशाचं ठरवलंय: फ्रेंचची शिकवणी लावली, १२ हजार.

काका_निवृत्त: फ्रेंच? तिथं सगळे इंग्रजी बोलतात!

सर्टिफिकेटराव: पैसे पाण्यात.

तारारराणी_चौक: खरं सांगू, मीही नको म्हटलं असतं. भाषांतर हेडफोनवर मिळतं.

पाचवी_गल्ली: सभागृहात मिळतं. चहाच्या रांगेत नाही. सेनेगल किंवा माली अशा फ्रेंच चालणाऱ्या देशातली, माझ्याएवढी एखादी लॅबवाली शेजारी उभी असेल तर तिच्याशी बोलायचंय.

पोल्ट्रीवाला_हातकणंगले: बरोबर हाय. फूटबाथला फ्रेंचमध्ये काय म्हणतात तेवढं विचारा.

पाचवी_गल्ली: विचारलं. पेदिल्यूव्ह.

पोल्ट्रीवाला_हातकणंगले: गेटवर तोच बोर्ड रंगवतो. शेजाऱ्याला मराठीत कळलंच नाही आठ वर्षं.