पोट साफ होत नाही, वरून ॲसिडिटी… डिटॉक्स किट घ्यावं का?

मिहानवाला:
नमस्कार मंडळी, विषय थोडा लाजिरवाणा आहे पण इथंच विचारतो. वय 34, नागपूरच्या मिहानमध्ये आयटीत आहे, शिफ्ट संध्याकाळी 6 ते रात्री 3. घरी आल्यावर आईनं झाकून ठेवलेलं वरण भात भाजी पोळी सगळं जेवतो अन् लगेच आडवा होतो. उठलो की तोंडात आंबट पाणी, पोट टम्म फुगलेलं, अन् संडासात अर्धा अर्धा तास मोबाइल घेऊन बसून राहतो तरी साफ झाल्यासारखं वाटत नाही. वर्षभरापासून झोपताना पोट साफ करायचं चूर्ण घेऊन राहिलो, आधी एका चमच्यात काम व्हायचं आता दोन लागतात. ऑफिसमधला मित्र म्हणते आतड्याचं डिटॉक्स किट ऑनलाइन मिळते 3 हजाराला, एकदा सगळं धुऊन निघते. आई म्हणते गहू बंद, ज्वारीची भाकर सुरू. तर्री पोहे (चण्याचा तिखट रस्सा घातलेले पोहे) सोड असं मात्र कोणी सांगू नका, रविवारचं तेवढंच एक सुख आहे 😄 किट कोणी वापरलं आहे का?

तर्रीबाज:
भाऊ किट घेऊ नको बे. आतडं म्हणजे काय महापालिकेची नाली आहे का पावसाळ्याआधी उपसायला? आतला थर आपला आपणच दर काही दिवसांनी नवा होत राहते. अशा किटात बऱ्याचदा जुलाबाचंच औषध अन् इसबगोल असते, इसबगोल मेडिकलमध्ये किती स्वस्त मिळते पाहून घे. उरलेल्या पैशात हिवाळाभर जांब (पेरू) खा. फक्त सावजीचं तिखट जेवण जरा कमी कर, त्यानं अल्सर होते म्हणतात.

आहारवाली ताई:
मी आहारतज्ज्ञ आहे, रोज हेच पेशंट बघते म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिले त्या चूर्णाचा डबा उलटा करून मागचं वाचा, सोनामुखी किंवा सनाय लिहिलेलं असेल (बहुतेक असतेच) तर ते जुलाबाचं औषध आहे, "आयुर्वेदिक आहे म्हणून रोज चालते" असं नसते. असं औषध आठवडाभराच्या वर घ्यायचं असेल तर डॉक्टरला विचारूनच. चमचे वाढत चालले हीच गोष्ट मला खटकली. एकदम बंद केलं तर चार दिवस पोट रुसून बसेल, म्हणून हळूहळू कमी करा अन् सोबत फायबर वाढवा.

आता गहू की ज्वारी. आईंना सांगा गव्हाचा दोष नाही 🙂 हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात 100 ग्रॅम कणकेत फायबर 11 ग्रॅमच्या आसपास आहे, ज्वारीत 10, अन् पॉलिशच्या तांदळात 3 पण नाही. भाकर आवडते तर खुशाल खा, पण खरी गडबड भाताचा डोंगर, मैद्याचे बिस्किट, ऑफिसबाहेरचे समोसे यांची आहे. दिवसाला 30 ग्रॅमच्या आसपास फायबर पाहिजे. त्याच संस्थेनं 2024 मध्ये सांगितलेल्या ताटात 400 ग्रॅम भाजी अन् 100 ग्रॅम फळ आहे, आपल्याकडे भाजी म्हणजे पोळीला लावायपुरती, दोन चमचे. पण उद्यापासून एकदम दुप्पट करू नका, गॅसनं हैराण व्हाल, दोन-तीन आठवड्यांत वाढवा अन् पाणीही वाढवा. पाणी कमी असलं तर हेच फायबर उलट अडकून बसते. इसबगोल घेतलं तर पूर्ण ग्लासभर पाण्यात अन् लगेच प्यायचं.

आंबट पाणी येते ते बहुतेक तीन वाजताच्या जेवणामुळंच. मोठं जेवण ऑफिसला निघायच्या आधी करा, मधल्या ब्रेकमध्ये डब्यातली पोळी-भाजी, घरी आल्यावर भूक असेलच तर केळं किंवा थोडा दहीभात. जेवण अन् झोप यात दोन-तीन तास पाहिजेच. डाव्या कुशीवर झोपा, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून थोडी उंच करा, नुसत्या दोन उशा घेऊन मान तेवढी दुखते.

सक्करदऱ्याची काकू:
बाळा ताईंनी बरोबर सांगितलं. माझ्याकडून एवढंच की कणीक चाळून कोंडा फेकू नका, आमच्या सासूबाई तो कोंडा गाईला घालायच्या अन् स्वतः एरंडेल घ्यायच्या 😂 तर्री घरीच करत जा. काळे चणे रात्री भरपूर पाण्यात भिजव, सकाळी ते पाणी फेकून दे, नव्या पाण्यात हिंग घालून कुकरला बोटानं सहज दबेल असे मऊ शिजव, गॅस कमी होते. तर्री झाली की पाच मिनिटं हलवू नको, तेल वर येऊन थांबते, ते पळीनं वरचेवर काढून वाटीत ठेव अन् दुसऱ्या दिवशी फोडणीला वापर. पोह्यावर चणे जास्त अन् रस्सा कमी, वरून कांदा, सांबार (कोथिंबीर), लिंबू. हा नाश्ता काही वाईट नाही, वाईट ते वरचं लाल तेल अन् सोबतचे दोन आलुबोंडे. अन् दुपारी पातळ मठ्ठा घेत जा जिरं घालून. आपल्या मे महिन्यात 45 च्या वर पारा जाते तेव्हा एसीत बसून तहान कळतच नाही अन् मग सगळं आत वाळते.

बर्डीकर:
@तर्रीबाज अल्सर मिरचीनं होते हे जुनं झालं भाऊ. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू अन् दुखण्याच्या गोळ्या ही मोठी कारणं आहेत. बॅरी मार्शल अन् रॉबिन वॉरनला 2005 चं नोबेल यासाठीच मिळालं, त्या मार्शलनं तर पटवून द्यायला तो जंतू स्वतः पिऊन पाहिला होता! मिरचीनं आधीच असलेली जळजळ वाढते हे खरं.

@मिहानवाला, एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. संडासातून रक्त, डांबरासारखी काळी शी, कारण नसताना वजन उतरणं, घास अडकणं, सारख्या उलट्या, किंवा रक्त तपासणीत हिमोग्लोबिन कमी, यातलं काही असेल तर काकूंची तर्री अन् ताईंचा डाएट बाजूला ठेवून सरळ पोटाच्या डॉक्टरकडे जा. आमच्या भावानं मूळव्याध समजून कितीतरी महिने मलम लावत काढले, निघालं दुसरंच. अन् मोबाइल बाहेर ठेवून जा, जास्त वेळ बसून जोर लावण्यानंही मूळव्याध होते.

मिहानवाला:
बापरे एवढे रिप्लाय! रक्त वगैरे काही नाही, वजन तर उलट वाढून राहिलं. डबा पाहिला, सोनामुखी पहिल्याच नंबरवर 🙈 किट कॅन्सल. दोन शंका: ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल घरात आहे, जेवल्यावर जळजळलं की घेतो, चालते का? अन् घरचा संत्र्याचा ज्यूस? आंबिया बहाराची (हिवाळ्यातली) संत्री आली की मामा काटोलहून पेटीच पाठवतो.

आहारवाली ताई:
ती गोळी जेवायच्या अर्धा तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायची असते, जेवल्यावर घेऊन तिचा तसा फायदा होत नाही. महिनोन् महिने मनानं तर घेऊच नका, बी12 कमी होऊ शकते. संत्रं सोलून पांढऱ्या रेषांसकट फोडी खा, ज्यूस गाळला की फायबर चाळणीतच राहते. फक्त उठल्याउठल्या नको, जळजळ वाढेल, काहीतरी खाल्ल्यावर तासाभरानं घ्या.

तर्रीबाज:
मामाचा काटोलचा पत्ता टाक भाऊ, आम्हालाही फायबरची फार गरज आहे.